घरखूण

बेट समोर होतं, त्यावर एकही पक्षी नव्हता, तरी टूर घेऊन आलेली जयू आत्या माईकवरून सांगतच होती, “मंडळी, डावीकडे बघा. आता कुठल्याही क्षणी.”

डावीकडे काळा कातळ होता. उजवीकडेही काळा कातळच होता. मधे जे पांढरं चमकत होतं, ते बर्फ निघालं. पृथ्वीच्या पार तळाशी, जिथून पुढे फक्त गोठलेला खंड उरतो, तिथे ‘दक्षिणायन’ जहाजाच्या कठड्याला चाळीसएक मराठी माणसं दुर्बिणी लावून ओळीने उभी होती. नाकं लालबुंद झाली तरी आत जायला कुणी तयार नव्हतं. एका काकांनी भडंगाची पुडी फोडली. त्या अख्ख्या देखाव्यात हालचाल म्हणावी तर तेवढीच.

नभा केळुस्करने भडंगाला हातसुद्धा लावला नाही. अकरावीची सहामाही बुडवून, आईशी अबोला धरून ती इथे आली होती, आणि ते सगळं एका पक्ष्यासाठी. त्याचं नाव भोपळा. जातीने अल्बाट्रॉस. पंख पसरले तर नभाच्या घरातला हॉल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरून जाईल एवढा. पायात पिवळं कडं. भोपळा हे नाव नभानेच ठेवलं होतं, दहा वर्षांची असताना, याच जहाजाच्या डेकवर, रीतसर बारसं करून. उडून गेलेली पिल्लं सहाव्या वर्षी जन्मगावी परततात, असं तेव्हा जहाजावरच्या पक्षितज्ज्ञ वैशंपायन मॅडमनी सांगितलं होतं. हे सहावं वर्ष.

आता, घरखूण म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

अल्बाट्रॉसचं पिल्लू मोठं होतं, उडून जातं आणि वर्षानुवर्षं जमिनीला पाय लावत नाही. नुसता समुद्र. मग अंडी घालायची वेळ आली की हजारो मैलांवरून नेमकं त्याच बेटावर, जवळपास त्याच दगडावर येतं. कसं? तर पृथ्वी हा एक मोठा लोहचुंबक आहे. त्याचा जोर आणि त्याचा तिरकेपणा जागोजागी वेगळा असतो. आपल्या बेटाचा जोर आणि तिरकेपणा पिल्लाच्या डोक्यात कायमचा कोरला जातो. या कोरलेल्या पत्त्याला डॉक्टर वैशंपायन मॅडमनी नाव दिलं, घरखूण. पक्षी घर शोधतच नाही, तो घरखूण शोधतो. इतकी वर्षं दोन्ही एकाच जागी होती, म्हणून फरक कुणाच्या लक्षात आला नाही.

चुंबक पूर्वीही सरकायचा, पण गोगलगायीच्या चालीने, आणि पक्षी पिढ्यान्‌पिढ्या ते सांभाळून घ्यायचे. नभाच्या आजीच्या काळात पृथ्वीच्या पोटातल्या वितळलेल्या लोखंडाचा प्रवाह बिघडला आणि चुंबक धावत सुटला. कुणीतरी येऊन गावातल्या सगळ्या घरांचे नंबर बदलून जावं, तसं झालं. या बेटाचा, म्हणजे काळकड्याचा नंबर भर समुद्रात जाऊन पडला. अल्बाट्रॉस बिचारे इमानाने त्या नंबरावर यायचे. खाली पाणी. घिरट्या घालायचे, दमून पाण्यावर बसायचे, पुन्हा घिरट्या. अंडी पाण्यातच पडायची आणि बुडून जायची.

तेव्हा मॅडमनी या जहाजाच्या पोटात, टोकापासून टोकापर्यंत, तांब्याच्या तारेचं अवाढव्य वेटोळं बसवलं. त्यात वीज सोडली की जहाजाभोवती मैलोन्‌मैल खोटी घरखूण तयार व्हायची, काळकड्याची, जुनी, जशीच्या तशी. डेकवर दगड आणि शेवाळ अंथरलं. पक्षी उतरले. जोड्या जमल्या, अंडी झाली. चुंबकाची धाव एव्हाना मंदावली होती, त्यामुळे पुढचा बेत सोपा होता. वेटोळं बंद करायचं, अंडी फुटायच्या आधी बेटावर न्यायची आणि पिल्लांच्या डोक्यात बेटाची खरी, आजची घरखूण कोरली जाऊ द्यायची. आईबाप अंड्यामागे येणारच, कारण अंड्यावर बसलेल्या पक्ष्याला दुसरा पत्ता लागत नाही. जुनी पिढी गेली तरी नवी बरोबर घरी येईल.

अंडी हलवायच्या दिवशी एका अंड्यातून टकटक ऐकू आली.

तेव्हाही जहाजावर जयू आत्याचीच टूर होती. तिने छोट्या नभाला, म्हणजे सख्ख्या भाचीला, कौतुकाने सोबत आणलं होतं. टकटक ऐकून नभाने भोकाडच पसरलं. तिला पिल्लू बाहेर येताना बघायचं होतं. मग सगळ्यांनाच बघायचं होतं. मॅडम म्हणाल्या, पिल्लू पत्ता शिकतं ते पंख फुटताना, त्यामुळे दोन-तीन दिवसांनी काही बिघडत नाही. खरं तर त्यांनाही बघायचं होतं. म्हणून वेटोळं चालूच राहिलं, पक्षी डेकवरच राहिले, आणि तीन दिवसांत सगळी अंडी फुटली. एका काकूंनी शालीचा पाळणा केला, स्वयंपाक्याकडून घुगऱ्या शिजवून घेतल्या. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून जयू आत्या पिल्लाच्या कानाशी वाकली. तिने काही गोडसं नाव घ्यायच्या आत नभा ओरडली, “भोपळा.” त्यापेक्षा योग्य नाव कुणालाच सुचलं नाही. मग पिल्लं बेटावर गेली, पायांत कडी चढली, वाढली, उडाली.

आणि आज बेट रिकामं होतं.

वैशंपायन मॅडम शाल गुंडाळून डेकवरच्या खुर्चीत बसल्या होत्या. नभा त्यांच्याजवळ जाऊन उकिडवी बसली.

“मॅडम, उशीर होत असेल का त्यांना? म्हणजे, वारा वगैरे?”

“अल्बाट्रॉसला उशीर होत नाही गं. एव्हाना त्यांची भांडणं ऐकू यायला हवी होती.”

जयू आत्या माईक बंद करून आली. आवाज खाली आणून म्हणाली, “मॅडम, लोक मला खायला उठलेत. ते देशपांडे म्हणतात, दगड बघायचे तर सिंहगडावर गेलो असतो. तुमचं ते वेटोळं आहे ना अजून खाली? लावा की पाच मिनिटं.”

“त्याने काही होणार नाही, जयू. ते जुन्या पक्ष्यांसाठी होतं. ते सगळे म्हातारे होऊन संपले. या मुलांचा पत्ता वेगळा आहे, हा समोरचा.”

“मग लावून बिघडतंय कुठे? येणार नाहीतच, तर निदान प्रयत्न केल्यासारखं दिसेल.”

मॅडमनी मान वर केली. त्या उठल्या आणि जिना चढून वरच्या खोलीत गेल्या, जिथे वेटोळ्याचा खटका होता.

आधी काहीच झालं नाही. मग देशपांडेकाका म्हणाले, “ते काय?”

क्षितिजावर एक रेघ दिसली. रेघेचे ठिपके झाले, ठिपक्यांना पंख फुटले. ते बेटाकडे वळलेसुद्धा नाहीत. सरळ जहाजावर आले, डोक्यांवरून एवढे खाली गेले की टोप्या उडाल्या, आणि धपाधप डेकवर उतरले. प्रत्येकाच्या पायात पिवळं कडं. लोक हसत होते, रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. कड्यांवरचे आकडे वाचत नभा गुडघ्यांवर सरपटत चालली होती, आणि शिडाच्या खांबापाशी तो सापडला. आता अजिबात गोल नव्हता. लांब मानेचा, देखणा, जरासा गर्विष्ठ. त्याने चोच वर करून तिच्याकडे बघितलं आणि तिच्या बुटाच्या नाडीला हलकेच झटका दिला.

“भोपळ्या,” ती म्हणाली, आणि तिने कड्यावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला.

“माहेरपणाला आल्यागत आलीत गं पोरं,” आत्या डोळे पुसत म्हणाली.

मॅडम जिन्याच्या मधल्याच पायरीवर बसल्या होत्या. नभा धावत त्यांच्याकडे गेली आणि त्यांचा चेहरा बघून थांबली.

“अंड्यातच,” मॅडम म्हणाल्या. “टकटक करत होतं ना, तेव्हाच. कवच फोडायच्या आधीच त्यांचा पत्ता पाठ झाला होता. आणि त्या तीन दिवसांत आपलं वेटोळं चालू होतं.”

“म्हणजे बेट—”

“बेट त्यांच्या लेखी नाहीच. समुद्रातला तो जुना नंबरही आता पुसला गेलाय, म्हणून नुसते शोधत फिरत होते. त्यांचं घर म्हणजे हे वेटोळं.”

नभाला समजायला क्षणभर लागला. “मी रडले होते. माझ्यामुळे थांबलो आपण.”

“तू दहा वर्षांची होतीस. मी साठची होते.”

खाली कुणीतरी पाळणा म्हणायला लागलं होतं.

“मग चालूच ठेवू या ना,” नभा म्हणाली. “किंवा ते बेटावर नेऊन ठेवू.”

“ते जहाजाच्या हाडांत बसवलंय, नभा. काढायचं तर जहाज मोडावं लागेल. आणि जहाजाला इथे राहता येत नाही, वारा बर्फ ढकलतोय, वाट मिटत आलीय. थोड्या वेळात नांगर उचलतील. वेटोळं चालू ठेवलं, तर हे आपल्याबरोबर उत्तरेला येतील. आठवड्याभरात गरम पाणी लागेल. हे अंगावर बर्फाचा कोट घेऊन जन्मलेले पक्षी, ते तापतील, धापा टाकतील आणि एकेक करून मरतील. पण माघारी फिरणार नाहीत. घरातून कशाला जातील?”

“आणि बंद केलं तर?”

“तर थंड समुद्रावर राहतील. खातील, उडतील, शोधतील. शोधता शोधता एखादा चुकून या कातळावर टेकेल, त्याला बघून दुसरा टेकेल. शंभरात एकदा होईल, किंवा तेवढंही नाही. पण वाव आहे तो तेवढाच.”

“किती वर्षं जगतात हे?”

“पन्नास. कधी साठ.”

नभा आजी होईल, तेव्हाही भोपळा शोधत असेल.

खटक्याची खोली लहान होती. समोर काच, काचेतून अख्खा डेक दिसायचा. मॅडमनी हात पुढे केला. तो खटक्यापर्यंत गेला आणि मागे आला.

“तू कर,” त्या म्हणाल्या. “मला जमत नाहीये.”

नभाने खटका खाली ओढला.

काही आवाज झाला नाही. खाली पक्ष्यांनी एकदम माना उंचावल्या. भर वर्गात कुणी आपलं नाव पुकारावं आणि वळून बघावं तर दारात कोणीच नसावं, तशा. एकाने पंख उघडले, मग सगळ्यांनीच. खालची माणसं बाजूला सरली. पक्षी उठले, जहाजावर एक मोठी फेरी मारली, दुसरी मारली, आणि विस्कटत लांब जाऊ लागले. एक इकडे, दोन तिकडे. काळकड्यावरून गेले, पण त्यांनी खाली बघितलं नाही. भोपळा सगळ्यांत शेवटी उठला. तो कुणाच्याच मागे गेला नाही. एकटाच पश्चिमेकडे निघाला आणि लहान लहान होत गेला.

पायाखाली धडधड सुरू झाली. नांगर वर येत होता.

नभाने तो ठिपका नजरेत धरून ठेवला होता. डोळ्यांत पाणी आलं तशी तिने बाहीने डोळे पुसले, आणि पुन्हा बघितलं तर ठिपका सापडेना. तिचा हात खटक्यावरच होता. तिने ठरवलं असं काही नाही. हाताने तो वर केला.

मॅडमनी झटकन तिच्याकडे बघितलं.

“एकदाच,” नभा म्हणाली. “नीट बघते आणि बंद करते. आईशप्पथ.”

सगळीकडून, एकाच वेळी, ते वळले. आभाळभर विखुरलेले सगळे पक्षी, जणू प्रत्येकाच्या गळ्यात दोरी होती. खाली टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्याचा आवाज माईकवर घुमला, “आले, मंडळी, परत आले. कॅमेरे काढा.”

नभाने खटक्यावर बोटं आवळली. आता बंद करायचं. आत्ता. ती मॅडमच्या तोंडाकडे बघत राहिली, त्यांनी ‘पुरे’ म्हणावं म्हणून. एवढा एक शब्द त्यांनी उच्चारला असता, तर तिने ते केलं असतं.

मॅडम काचेला कपाळ टेकून खाली बघत होत्या. काचेवर त्यांच्या श्वासाचं धुकं धरलं होतं.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “थोडा वेळ.”

जहाजाचं नाक हळूहळू उत्तरेकडे वळलं. काळकडा मागे सरकू लागला. भोपळा खांबापाशी उतरला, एक दगड चोचीने इकडचा तिकडे केला, पंख एकावर एक व्यवस्थित मिटले आणि निवांत बसला.