फलाट मोकळा

गाडी सुटण्याआधी फलाटाच्या कडेवरून बोट फिरवायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "फलाट मोकळा!" मग गार्ड दारं लावतो. आमच्या उपनगरी स्टेशनवर माझं कामच ते. आता घरचा गॅस बंद केला तरी माझं बोट उठतं. नोबुए, माझी बायको, हसते.

गेल्या शरदात एका धुकट सकाळी गर्दी डब्यांत शिरली आणि टोकाला एक मुलगी उरली. हिरवा गणवेश, पाठमोरी, पिवळ्या पट्टीच्या पार पलीकडे. मी गाडी थांबवून धावलो. तिथे कुणीच नव्हतं. ओल्या लोखंडाचा वास तेवढा येत होता. गाडीला उशीर झाला, स्टेशनभर माफी मागावी लागली.

"ताजिमा, तिला मोजायचं नाही," स्टेशनमास्तर ओकुनोसान हळूच म्हणाले. "बोट पुढे न्यायचं. तुझ्या आधीच्यालाही दिसायची... तेव्हा गणवेश वेगळा होता म्हणे."

"त्याचं पुढे काय झालं?"

ते चहा पीत राहिले.

हिवाळाभर ती दिसली. बोट तिच्यावरून जायचं, तोंड आपोआप म्हणायचं, "फलाट मोकळा!"

मग माझी मुलगी मिहारु हायस्कूलची प्रवेशपरीक्षा पास झाली. नोबुएने हौसेने शुभप्रसंगाचा लाल भात केला. मिहारु नवा गणवेश घालून आली. हिरवा.

"या शाळेत नको जाऊस, पोरी."

"वाः! मग वर्षभर जागून अभ्यास कशाला केला? आणि बाबा, तुम्ही बोट नाचवत ओरडता ना, तेव्हा मला ओळख द्यायची नाही हं! मैत्रिणी हसतील. मी आपली लांब, टोकाला उभी राहीन."

मी ओकुनोसानांपुढे कमरेत वाकून तिकीटफाटकावरचं काम मागितलं. एप्रिलमध्ये, शाळा उघडतानाच्या गर्दीत बदली माणूस कुठून आणू, म्हणाले.

आज शाळेचा पहिला दिवस. गर्दी आत गेली आणि टोकाला दोघी उरल्या. तोच गणवेश, दोघी पाठमोऱ्या. मला हाक मारायची होती. देवाशपथ, मिहारु म्हणायलाच तोंड उघडलं होतं मी. पण बोट उठलं, आणि तोंड म्हणालं, "फलाट मोकळा!"

दोघींनी, न वळता, हात हलवला. दारं लागली. गाडी गेल्यावर फलाट खरंच मोकळा होता.

संध्याकाळी "आले गं!" असा आवाज दारातून आला. मला रडूच फुटलं. आता ती मोरीपाशी हात धुतेय, केव्हाची. नोबुए तिच्याशी काहीबाही बोलतेय. घरभर ओल्या लोखंडाचा वास आहे.

"मिहारु..." मी हाक मारली.

न वळता तिने हात हलवला.