प्रसादावर चूळ

या, जवळ सरका. मांडीवर लेकरू असेल तर ते मांडीवरच राहू द्या, ही गोष्ट त्याच्याही कामाची आहे. प्रेमाची गोष्ट आहे. कीर्तनाच्या आधी टाळ जुळवताना जसा हलका नाद निघतो, तशी सुरुवातीला हलकी लागेल. पुढे जरा जड होईल... तेवढं सोसून घ्या.

सावली गावच्या बसथांब्यासमोर श्रीहरीचं किराणा दुकान होतं. दिवसभर तो तराजू सांभाळायचा आणि संध्याकाळी मारुतीच्या देवळात कीर्तनाला पेटीची साथ करायचा. लग्नाचं वय सरत चाललं होतं, पण पेटीवर बोटं फिरायला लागली की त्याला त्याचं काही वाटायचं नाही.

चंचल एसटीत कंडक्टर. नवरा तापाच्या साथीत गेला, पदरात एकच लेक, दीपिका, अजून बालवाडीतली. चंचल पहाटे गाडीवर चढायची ती दिवेलागणीला उतरायची. लेकीला शेजारची गुणाबाई सांभाळायची आणि गाडीच्या वेळेला थांब्यावर आणून उभी राहायची.

आषाढ लागला होता. एका संध्याकाळी वाटेतल्या नाल्यावरून पाणी गेलं आणि चंचलची गाडी पलीकडेच अडकली. पावसात म्हातारी गुणाबाई कुडकुडायला लागली, तेव्हा श्रीहरीनंच तिला घरी धाडलं आणि पोरीला दुकानात घेतलं.

पाणी उतरल्यावर चंचल धावतच आली. खाकी साडी अंगाला चिकटलेली, कपाळावरून पाणी निथळतंय... आणि लेक? लेक तांदळाच्या पोत्यावर, अंगावर श्रीहरीची शाल, गालात खडीसाखरेचा खडा, पाय हलवत बसलेली.

“रडली असंन ना जी?” चंचलनं विचारलं.

“रडली ना. मंग देवळातला प्रसाद देल्ला, तवा थांबली.”

“भाऊ, तुमचे उपकार कसे फेडू?”

“उपकार कायचे बाई? तुम्ही तिकीट फाडा, आम्ही साखर फोडतो.”

ती हसली. कितीतरी महिन्यांनी हसली असेल. श्रीहरी उगाच तराजूचं रिकामं पारडं पुसत राहिला.

त्यानंतर गुणाबाईचे गुडघे दुखायला लागले, म्हणून दीपिका संध्याकाळची दुकानातच बसायला लागली. आईची आठवण आली की ओठ काढायची. चंचलनंच श्रीहरीला सांगून ठेवलं, रोज प्रसादाचे दोन-चार खडे देत जा, म्हणजे ती माझ्यासाठी रडत नाही. देवळातला खडीसाखरेचा वाडगा श्रीहरीच्याच ताब्यात असायचा. देवाचं गोड ते, त्यात कमी कशाला करायचं? गालात खडा धरूनच पोर पेंगायची. चंचल तिला खांद्यावर टाकून घरी न्यायची आणि तशीच निजवायची.

पण त्या घरी जाण्याला हळूहळू वेळ लागायला लागला. आधी हिशेबापुरतं थांबणं, मग पाऊस थांबेपर्यंत, मग पाऊस नसतानाही. दिवसभराच्या गमती ती सांगायची — कोण कोंबडा घेऊन चढला, कोण तिकिटावरून भांडला. तो कमी बोलायचा, पण ऐकताना त्याची बोटं लाकडी फळीवर पेटीसारखी फिरायची.

“आज भाऊ नाई म्हटलं तुम्ही,” एकदा तो हळूच म्हणाला.

“काऊन, म्हणू काय?”

“नाई नाई... राहू द्या.”

दोघंही खाली पाहत हसली. भादव्यात सप्ताह बसला, तेव्हा चंचल लेकीला घेऊन बायकांच्या मागे उभी राहायची. बुवा नामाचा गजर सुरू करत, सगळं देऊळ डोलायला लागे... आणि तिची नि त्याची नजर भेटली की पेटीचा एक सूर हमखास घसरायचा. मृदंगवाला लच्छू तिरका पाहून म्हणायचा, “भाऊ, पेटी बिघडली का पेटीवाला?”

त्याच आठवड्यात दीपिकाला हसवताना श्रीहरीला तिच्या वरच्या दातांवर काळे डाग दिसले. तो बिचकतच म्हणाला, “बाई, निजायच्या आधी चूळ भरायले लावत जा तिले. दात किडून राह्यले वाटते.”

चंचल दमलेली होती. दिवसभर उभी होती. ती म्हणाली, “प्रसादावर चूळ कोणी भरते काय जी? देवाचं थुंकून टाकाचं? आन् दुधाचेच त दात. पडतीनच.”

आपल्याकडे हे असंच आहे ना... प्रसाद घेतला की पाणीसुद्धा जपून पितो आपण. श्रीहरी ते दुसऱ्यांदा बोललाच नाही.

पोळ्याच्या सणापासून पोर एकाच बाजूनं चावत होती, ते आईच्या लक्षात आलं नव्हतं. दसऱ्याच्या तोंडावर तिचा गाल सुजला, ताप चढला. चंचल तिला घेऊन गडचिरोलीला गेली. तिथल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी समोरचे दात आणि एक दाढ काढली. दुधाच्या दाढा दहा-अकरा वर्षांपर्यंत राहायच्या असतात, पुढच्या दातांची जागा त्या धरून ठेवतात, असं त्यांनी समजावलं. मग विचारलं, रात्री हिचे दात कोण घासून देतं? “कोणीच नाही,” चंचल म्हणाली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की रात्रीचं घासणं सगळ्यात मोठं, आणि सात-आठ वर्षांपर्यंत ते आईबापाच्याच हातानं व्हायला हवं.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. स्वतःवरचा राग तसाच पोटात घेऊन चंचल सावलीला उतरली आणि समोर दिसला श्रीहरी, काळजीनं रस्त्यापर्यंत आलेला.

“तुमच्या गोडापायी माह्या लेकीचे दात गेले,” ती म्हणाली. थांब्यावरची माणसं वळून पाहायला लागली. “यापुढं तिच्या वाऱ्यालेबी उभं राहू नका.”

मी सांगितलं होतं, हे शब्द श्रीहरीच्या ओठांवर होते. सगळ्या गावादेखत तिला खाली पाहायला लागलं असतं, म्हणून त्यानं ते गिळले. तो मान खाली घालून दुकानात गेला.

चंचलनं लेकीलाही बजावलं, त्या काकांनीच तुझे दात किडवले. आता दुकानासमोरून जाताना दीपिका तोंडावर हात धरायची. आधी ज्याला पाहून ती पळत सुटायची, त्याला पाहून आता आईच्या पदरात शिरायची.

राग उतरायला वेळ लागत नाही, चूक कबूल करायला लागतो. आज बोलू, उद्या बोलू, असं चंचल म्हणत राहिली. दिवाळी उलटली. आणि एका सकाळी गडचिरोलीच्या गाडीत श्रीहरी चढला — हातात पिशवी, काखेत कापडात गुंडाळलेली पेटी.

“कुठलं?” तिनं तिकिटाच्या मशीनकडे पाहत विचारलं.

“गडचिरोली. तिथून एटापल्ली. भावानं दुकान टाकलं तिकडं, त्याले माणूस पाह्यजे.”

सगळी तिकिटं झाल्यावर ती त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर येऊन टेकली. गाडी वैनगंगेच्या पुलावर आली होती. खाली नदी निवळली होती.

“चूक माही होती,” ती म्हणाली. “तुम्ही सांगतलं, मी आयकलं नाई. आन् बोलली मात्र तुमाले.”

“तुम्ही दमून येत होत्या, म्हणून म्या बी दुसऱ्यांदा सांगतलं नाई. माही बी चूक हायच.”

“मंग काऊन जाऊन राह्यले?”

“पोट्टी मले पाहून तोंडावर हात धरते जी. माह्या दिसण्यानं लेकराचं हसू बंद होत असंन, त म्या त्या घरात कसा येऊ?”

“येणार होते काय... घरात?”

“दसरा झाला की इचारणार होतो.”

चंचलच्या हातातलं मशीन मांडीवर टेकलं. “हो म्हटलं असतं मी,” ती इतक्या हळू म्हणाली की इंजिनाच्या आवाजात ते जेमतेम त्याच्यापर्यंत पोचलं.

पोचलं, कारण त्यानं डोळे मिटून घेतले. आता थांबा, एवढंच तिनं म्हणायचं राहिलं होतं. पण लेकीच्या मनात जे आपण भरवलं, ते आधी काढायला नको का? कोणत्या तोंडानं थांबवायचं? तेवढ्यात पुढच्या थांब्यावर कोणीतरी हात दाखवला आणि तिला उठून घंटीची दोरी ओढावी लागली.

गडचिरोलीला तो उतरला. पेटी तिनंच खाली दिली.

त्या संध्याकाळी तिनं दीपिकाला मांडीवर घेतलं, तिचे दात स्वतःच्या हातानं घासले आणि खरं सांगितलं — काकांनी नाही गं, आईनं चूक केली. पोर विचारत राहिली, मग काका का गेले? पुढे किती दमली तरी चंचलनं ते घासणं चुकवलं नाही. प्रसाद असला तर तो कपाळाला लावून खायचा, आणि मग चूळही भरायची. देव त्यावर कधी रुसल्याचं कोणाला दिसलं नाही.

दीपिकाला नवे दात आले. ती तोंड भरून हसते. श्रीहरी सावलीला परत आला नाही. एटापल्लीच्या देवळात कोणी नवा पेटीवाला आलाय, एवढंच कानावर येतं.

तर माय-बापहो, आज निजायच्या आधी लेकराचे दात घासून द्याल, तेव्हा त्या श्रीहरीची क्षणभर आठवण करा. एका आईची मान खाली जाऊ नये म्हणून तो गप्प राहिला होता.