ट्रायलचा फोटो

दुकानात शिरल्यापासून बाईंचं डोकं फिरलेलं होतं. इस्पितळात एक्स-रे काढण्यात अर्धं आयुष्य गेलेलं, त्यामुळे सगळे त्यांना एक्स-रेवाल्या बाईच म्हणत. लोकांच्या हाडांचे फोटो काढून विटलेल्या या बाईंना आता झाडांचे, पाखरांचे, रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढायचे होते. त्यासाठी पहिलावहिला डीएसएलआर कॅमेरा घ्यायचा होता. पैसे त्यांचे, हौस त्यांची, आणि काउंटरमागचा विक्रेता बोलत होता नवरोबांशी.

"साहेब, नवशिक्यांसाठी हा बेस्ट. हलका आहे, मॅडमना झेपेल."

"तोच द्या," स्टुलावर ऐसपैस बसलेले नवरोबा म्हणाले. "हिचं काय, चार दिवसांचं खूळ."

"मला इथे मांडलेले तिन्ही कॅमेरे हातात घेऊन बघायचेत," बाई म्हणाल्या.

"अगं, कशाला त्यांचा वेळ खातेस?"

बाईंनी ओठ आवळले. भिंतींचा रंग, फ्रिज, सुट्टीत कुठे जायचं, आजवर सगळं नवरोबांनी ठरवलं आणि बाईंनी मान डोलावली. आज आपल्या मनासारखा कॅमेरा घेतला नाही, तर पुढे मरेपर्यंत आपण मानच डोलावत राहणार, हे त्यांना लख्ख कळत होतं.

त्यांनी पहिला कॅमेरा डोळ्याला लावला. बारीकशा खिडकीतून नवरोबा स्वच्छ दिसले. स्टूल, सुटलेलं पोट, हातातला मोबाइल.

"हलू नका," बाई सवयीने म्हणाल्या आणि बटण दाबलं. खट् झालं. क्षणभर काळोख.

मागच्या स्क्रीनवर फोटो उमटला. त्यात स्टूल रिकामं होतं. नवरोबा दुकानाच्या दाराशी उभे होते, हात दाराच्या मुठीवर.

बाईंनी मान वर केली. नवरोबा स्टुलावरच बसलेले.

"हललात का तुम्ही?"

"मी कशाला हलू?"

"साहेब हलले असतील," विक्रेत्याने फोटोकडे ढुंकूनही न बघता सांगितलं, आणि तेही साहेबांनाच. "यात काय होतं साहेब, बटण दाबलं की आतला आरसा वर उचलला जातो. तेवढा क्षण फोटो काढणाऱ्याला काहीच दिसत नाही. आणि फोटो नेमका त्याच क्षणाचा असतो."

माणूस हलला तर फोटो पुसट येतो. रोज तेच तर बघत होत्या बाई. इथे मुठीवरची बोटंसुद्धा मोजता येत होती. पण घाबरायच्या आधी त्यांना संतापच आला. आपल्या हातातल्या फोटोबद्दल हे दोघं एकमेकांना समजावतात, म्हणजे आपण काय इथल्या खुर्च्या-टेबलं आहोत?

दुसरा कॅमेरा जरा जड होता, पण पकड छान होती. खट्.

या फोटोत नवरोबा काचेपलीकडे फुटपाथवर होते. शेजारी एक बाई पाठमोरी उभी होती. अंगात मोरपंखी स्वेटर, खांद्यावर उसवलेला. बाईंनी आपल्या खांद्याला हात लावला. स्वेटरची सुटलेली शिवण बोटाला लागली.

त्यांनी तिसरा घेतला. खट्.

आता ती दोघं रस्ता ओलांडून पलीकडे पोचली होती. तिने त्यांचा दंड धरला होता, मान वळवून ती त्यांच्याकडे बघून हसत होती. चेहरा खुद्द बाईंचा होता.

"अहो," बाईंनी कॅमेरा त्यांच्या दिशेने धरला. "इकडे या. हे बघा तरी."

नवरोबांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. "काय बघायचंय त्यात? तुला काय कळतंय त्यातलं? ठेव तो खाली आणि घरी चल. कॅमेराबिमेरा काही नको."

विक्रेता खाली बघून हसला.

बाईंच्या कानशिलात ठणका उठला. पुढच्या फोटोत काय होणार, हे त्यांना कळून चुकलं होतं. इथेच थांबणं त्यांच्याच हातात होतं. त्यांनी हातात छान बसणारा तो दुसरा कॅमेरा पुन्हा उचलला. होऊ दे काय व्हायचं ते.

"हलू नका."

खट्.

काळोख या वेळी जरा जास्तच टिकला.

कॅमेरा खाली घेतला, तेव्हा स्टूल रिकामं होतं. स्क्रीनवरचा रस्ताही.

"हाच पॅक करू ना, मॅडम?" विक्रेता पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून बोलत होता. "पारख चांगली आहे तुमची."

"माझे मिस्टर... इथे बसले होते."

"मिस्टर?" तो गोंधळला. "मॅडम, तुम्ही एकट्याच आलात."

बाईंनी नवरोबांना फोन लावला. बराच वेळ रिंग वाजली. मग कोणीतरी उचलला. मागे टीव्ही चालू होता. भांड्यांचा आवाज येत होता.

"हॅलो?"

आवाज बाईंचाच होता. फक्त त्यात राग असा कुठे नव्हताच.

"कोण बोलतंय?" बाई किंचाळल्या. "कोण आहेस तू?"

"अहो," पलीकडचा आवाज फोनपासून थोडा लांब गेला. "कोणीतरी बाई आहेत. फार चिडल्यात."

"ठेवून दे," नवरोबा म्हणाले.

"बरं," ती म्हणाली.