लाल चकती

तिने त्याला उद्देशून उच्चारलेला पहिला शब्द "थांबा" हा होता, आणि तो तिने अशा स्वरात उच्चारला की बाहेर बाकावर मुलांना घेऊन बसलेल्या दोन आया दचकून उभ्या राहिल्या.

त्या सोमवारी सकाळपासून लहान मुलांच्या त्या रुग्णालयाच्या काचांवर पावसाची अखंड धार लागली होती. बालमानसशास्त्र विभागात शिकाऊ मानसतज्ज्ञ म्हणून तिचा तो पहिलाच दिवस. एका हातात निथळणारी छत्री, दुसऱ्या हातात कापडी बाहुल्यांची पिशवी आणि अंतःकरणात धाकधूक घेऊन ती तळमजल्यावर खेळाची खोली शोधीत होती. शोधता शोधता तिने भलतेच दार लोटले. आत एक तरुण उंच स्टुलावर बसला होता. त्याच्या उजव्या हातात विजेचे यंत्र गुरगुरत होते, यंत्राच्या टोकाला गोल दातेरी पाती होती, आणि ती पाती तो अत्यंत शांत मुद्रेने स्वतःच्या डाव्या तळहातावर टेकवीत होता.

"थांबा..."

यंत्र बंद झाले.

"थांबलो," तो म्हणाला.

"तुमचा हात —"

"जागेवर आहे. बोटं मोजून घ्या हवं तर." त्याने पंजा तिच्यापुढे धरला. "नवी पाती बसवली की आधी माझ्या हातावर टेकवतो, मगच पोरांच्या प्लास्टरवर. ही गरगर फिरत नाही, नुसती थरथरते. कडक असेल ते कापते, मऊ कातडी सोडून देते. बघायचंय? द्या हात."

तिने हात पिशवीसकट पाठीमागे नेला.

"बाहुल्या घाबरल्या वाटतं," तो गंभीरपणे म्हणाला.

"बाहुल्या घाबरत नसतात. त्यांच्या सोबत मी आहे." तिने हनुवटी किंचित वर केली. "खेळाची खोली कुठे आहे?"

"समोर. पण दार चुकायचंच असेल तर रोज चुका. माझी हरकत नाही."

ती वळली. ओठांवर आलेले हसू तिने दाराबाहेर पडेपर्यंत कसेबसे दाबून धरले.

तो त्या खोलीचा एकमेव कारागीर होता. पूर्वी सुतारकाम करीत असे, आता नऊ वर्षे प्लास्टर घालीत आणि कापीत होता. सगळी मुले त्याला प्लास्टरदादा म्हणत. तिचेही दोन दिवसांत बारसे झाले, आणि ती सर्वांची गोष्टीवाली ताई झाली.

येथे त्या मुलीची ओळख करून देणे आवश्यक आहे, जिच्यामुळे पुढील सर्व काही घडले. वय वर्षे सहा. उजवे पाऊल जन्मतःच आत वळलेले. बोलणे मात्र साठीच्या बाईसारखे, म्हणून वॉर्डात सगळे तिला आजीबाई म्हणत. "काय बाई हा पाऊस, कपडे वाळायचे कधी," असे ती उशीला टेकून म्हणायची आणि नर्स तोंड फिरवून हसायच्या. तिच्या पायाला आठ आठवडे प्लास्टर घालायचे होते. दर गुरुवारी जुने कापायचे, हाडांच्या डॉक्टरांनी पाऊल थोडे सरळ करायचे आणि लगेच नवे घालायचे. पहिले प्लास्टर आदल्या गुरुवारी निमूटपणे घालून झाले होते. आता ते कापायचे होते, आणि मुलीच्या मनाची तयारी करून घेण्याचे काम शिकाऊ ताईकडे आले होते.

"तू फक्त डोळे मीट," ताईने सांगितले. "काहीसुद्धा कळणार नाही तुला."

यंत्र सुरू झाले. आवाज झाला, पाय थरथरला, पातीची ऊब प्लास्टरमधून आत उतरली. मुलीने डोळे उघडले, आणि मग तिने जो आकांत केला तो वरच्या मजल्यापर्यंत गेला. चौघांनी धरूनही ती आवरेना. शेवटी भूल देऊन प्लास्टर बदलावे लागले. तिची छाती मुळातच नाजूक. दोन दिवस घरघर थांबली नाही, आणि डॉक्टरांनी तिला वॉर्डातच ठेवून घेतले.

"दर आठवड्याला भूल हिला झेपणार नाही," ते तिच्या आईला म्हणाले. "पुढच्या गुरुवारी जागेपणी जमलं तर ठीक. नाहीतर प्लास्टर बंद. मोठी झाली की ऑपरेशन करू, पण तेव्हा पाय पूर्ण सरळ होईल असं आत्ता सांगता येणार नाही."

आजीबाईने ताईकडे पाठ फिरवली. "खोटारडी," एवढेच ती भिंतीला म्हणाली.

विभागाच्या मोठ्या बाई फार कमी बोलत. त्यांनी शिकाऊ मुलीला समोर बसवले.

"काही कळणार नाही, असं तुम्ही कशावरून सांगितलंत?"

"प्लास्टरवाल्यांनी सांगितलं होतं... की कातडीला कापत नाही म्हणून."

"त्यांनी कापत नाही सांगितलं. तुम्ही कळणार नाही सांगितलंत. तुम्ही स्वतः कधी घालून घेतलंय प्लास्टर?"

"नाही."

"मग आधी ते करा. आणि गुरुवारपर्यंत त्या मुलीचा विश्वास परत आणा. दुसरी संधी ती देईल की नाही, ते तिच्या हातात आहे."

शुक्रवारी ती पुन्हा त्या दारात उभी राहिली. या वेळी चुकून नव्हे.

"मला प्लास्टर घाला," ती म्हणाली.

त्याने कारण विचारले नाही. तिचा डावा हात टेबलावर घेतला, मनगटापासून कोपरापर्यंत मऊ कापूस गुंडाळला, आणि कोमट पाण्यात बुडवलेल्या पट्ट्या एकावर एक चढवू लागला. त्याच्या हातांना घाई ठाऊकच नसावी. एखादा सुतार नव्या लाकडावरून बोटे फिरवून पाहतो, तसा तो प्रत्येक पट्टीचा काठ अंगठ्याने बसवीत होता. बाहेर पाऊस संथपणे पडत होता. थोड्याच वेळात पट्ट्या आतून आपोआप उबदार होऊ लागल्या आणि तिने आश्चर्याने त्याच्याकडे पाहिले.

"ऊब येते ना? प्लास्टर घट्ट होताना येते. पोरांना मी हे आधीच सांगतो. आवाज येईल, ऊब लागेल, गुदगुल्या होतील, हे सगळं सांगतो. दुखणार नाही असं मात्र मी कधीच म्हणत नाही. दुखतं की नाही ते ज्याचं त्याला माहीत."

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही हात लपवून निघून गेलात." त्याने एक काठ पुन्हा अंगठ्याने दाबला. "आणि मला वाटलं, मॅडम शिकलेल्या आहेत, मी काय सांगणार."

तिने मान खाली घातली. मग हळूच विचारले, "किती वेळ असं बसायचं?"

"कोरड्या हवेत दहा मिनिटं. या पावसात... मी उठा म्हणेन तोवर."

"हे खरं आहे का?"

"अर्धं," तो प्रामाणिकपणे म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी आजीबाईने पांढरा हात पाहिला. तासभर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पण सहा वर्षांच्या कुतूहलापुढे कोणता राग टिकतो?

"पडलीस कुठे?"

"नाही पडले. प्लास्टर घातलं की कसं वाटतं ते मला माहीत नव्हतं. माहीत नसताना मी तुला सांगितलं. ते चुकलं माझं."

"मग कसं वाटतं?"

"आत खाज सुटते आणि बोट पोचत नाही."

"फूटपट्टी घालायची नाही हं आत, नर्स ओरडतात," आजीबाईने सल्ला दिला. "वेडी आहेस अगदी. कापायची भीती वाटते?"

"वाटते."

हे उत्तर मुलीला मनापासून आवडले. तेव्हा ताईने पिशवीतून बशीएवढी लाल चकती काढली. पट्ट्यांच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा कापून तिने ती रंगवली होती.

"बुधवारी माझं कापायचंय. चकती तुझ्या हातात. वर केलीस की यंत्र थांबणार, खाली केलीस की सुरू."

"आणि दादाने नाही थांबवलं तर?"

"म्हणून तर आधी माझ्यावर बघायचं."

बुधवारी आजीबाई चाकांच्या खुर्चीत न्यायाधीशासारखी बसली. यंत्र सुरू झाले आणि चकती वर गेली. यंत्र थांबले. चकती खाली आली, यंत्र सुरू झाले, पुन्हा वर गेली. असे एकदा नव्हे, सतरा वेळा झाले. मुलीच्या डोळ्यांत आता उघड खोडसाळपणा चमकत होता. परंतु त्या तरुणाच्या कपाळावर एकही आठी उमटली नाही. प्रत्येक वेळी तो पाती उचली, वाट पाही, आणि त्या रिकाम्या क्षणी त्याची दृष्टी ताईच्या दृष्टीला भेटे. सुरुवातीला तिचे मनगट भीतीने ताठ झाले होते. नवव्या खेपेला ते सैल पडले. पुढे पुढे तर, खरे सांगावयाचे म्हणजे, चकती वर होण्याची ती वाटच पाहू लागली.

"कंटाळा नाही येत?" एका विरामात तिने विचारले.

"अशा कामाचा कसा येईल. एक हात कापायला पाऊण तास, आणि समोर तुम्ही."

"दादा," न्यायाधीश मध्येच म्हणाले, "तू हिला ताई का म्हणत नाहीस? सगळे म्हणतात."

दादाने पाती पुसायला घेतली.

"ही पण तुला दादा म्हणत नाही. मी कधीपासून बघतेय. भांडण झालंय का तुमचं?"

"नाही... तसं काही नाही," दोघेही एकाच वेळी म्हणाले.

"मग बरं," आजीबाईने निकाल दिला आणि चकती खाली केली.

गुरुवार उजाडला. प्लास्टरच्या खोलीत मुलगी उताणी झोपली होती, तिचे डोके आईच्या मांडीवर आणि चकती मुठीत. ताईने सगळे खरे खरे सांगितले: आवाज, ऊब, थरथर. दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. हाडांचे डॉक्टर घड्याळाकडे पाहत होते. त्यांना पुढे आणखी नऊ मुले तपासायची होती.

यंत्र सुरू झाले. चकती वर झाली, यंत्र थांबले. मुलीने दोन श्वास घेतले आणि चकती खाली केली. गुडघ्यापासून घोट्यापर्यंतची एक बाजू अशीच पार पडली. दुसरी बाजू जेमतेम चार बोटे उरली असताना चकती पुन्हा वर झाली. या वेळी मुलीच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होते.

"आता थांबू नका," डॉक्टर म्हणाले. "एका मिनिटाचं काम राहिलंय. कापून टाका."

एक मिनिट रेटले असते तर आजचे प्लास्टर निघाले असते. पुढचे सहा मात्र कायमचे गेले असते. तिने त्याच्याकडे पाहिले. त्याने पाती उचलून यंत्र मांडीवर ठेवले होते.

"डॉक्टर," तो नम्रपणे म्हणाला, "चकती वर आहे."

"मी सांगतोय ना तुम्हाला."

"होय. पण मी हिला शब्द दिलाय."

डॉक्टरांनी मोठ्या बाईंकडे पाहिले. बाईंनी फक्त मान हलवली. एक मिनिट गेले, दुसरेही गेले. आजीबाई छताकडे पाहत होती. मग तिने नाक ओढले.

"खरंच थांबला की हा," ती आईला म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने तिने चकती खाली ठेवली.

उरलेला चार बोटांचा भाग कापला गेला. प्लास्टरची दोन शकले बाजूला झाली तेव्हा तिची आई रडत होती, आणि डॉक्टर घड्याळ पाहायचे विसरले होते.

त्यानंतरच्या गुरुवारी चकती तीनदाच वर झाली. पुढे दोनदा, मग एकदा. आठव्या गुरुवारी ती मुलीच्या खिशातून बाहेरसुद्धा आली नाही. त्या दिवशी शेवटचे प्लास्टर निघाले आणि आजीबाई टेबलावरून उतरून उभी राहिली. तळपाय प्रथमच संपूर्ण जमिनीला टेकला होता.

"काय बाई, जमीन किती गार आहे," ती म्हणाली, आणि आईचे बोट सोडून दारापर्यंत अकरा पावले चालली. बाहेरच्या बाकावरच्या सगळ्या आयांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनीही वाजवल्या, आणि रक्त तपासणीच्या खोलीसाठी अशीच एक चकती करून द्याल का, असे त्यांनी कारागिराला विचारले.

जाताना मुलीने आपली चकती ताईच्या हातात ठेवली. "तुला लागेल," ती म्हणाली.

खोली रिकामी झाली. शिकाऊ मुलीचाही तो प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस होता. पाऊस उघडून टेबलावरच्या पांढऱ्या भुकटीत ऊन सांडले होते. त्याने यंत्र पुसले, पुसलेले पुन्हा पुसले.

"मला काही सांगायचं आहे," तो म्हणाला. "मध्ये नको वाटलं तर... चकती आहेच तुमच्याकडे."

"सांगा."

"उद्यापासून तुम्ही येणार नाही. माझं शिक्षण म्हणजे ओल्या पट्ट्यांपुरतं. त्यामुळे हे बोलावं की नाही —"

चकती वर झाली.

तो तत्क्षणी थांबला. त्याचा चेहरा उतरला. तो वाट पाहत राहिला, जसा तो नेहमी पाहत आला होता.

"एक दुरुस्ती," ती म्हणाली. "उद्यापासून मी येणार आहे. मोठ्या बाईंनी मला इथेच ठेवून घेतलंय. सकाळीच पत्र मिळालं." तिने चकती उंच धरलेलीच होती. "आणि मला जे शिकायला इथे पाठवलं होतं, ते निम्मं मी या खोलीत शिकले. ओल्या पट्ट्यांपुरतं म्हणू नका."

तिने चकती खाली केली.

त्याने पुसायचे फडके बाजूला ठेवले. बाहेर पन्हाळीतून उरलेले पाणी थेंबाथेंबाने गळत होते.

"मला तुम्हाला कधी ताई म्हणता आलं नाही," शेवटी तो म्हणाला.

"मला तरी कुठे दादा म्हणता आलं."

"म्हणजे —"

"चकती खाली आहे," ती म्हणाली. "थांबू नका."

तिने ती चकती टेबलावर पालथी ठेवली, आणि पहिल्या दिवशी बाहुल्यांच्या पिशवीसकट पाठीमागे नेलेला तो हात, तळवा वर करून, त्याच्यापुढे धरला.