बाराव्या गाण्यातले श्वास

संगीतकार स्टुडिओच्या दारातच रडायला लागला, तेव्हा अक्कांनी आधी त्याचे बूट पाहिले. नवे कोरे होते.

"रडणं मागाहून. झालं काय?"

अक्का तपासाची कामं घेत आणि जावयाला सोबत नेत. पिशवी उचलायला बरा, डोकं मात्र घरी ठेवून येतो, असं त्या चारचौघांत सांगत. जावई हसून घेई. दुसरं करणार काय?

झालं होतं ते असं. बारा गाण्यांचा अल्बम. सहा कादंबऱ्यांवरून, सहा चित्रांवरून. पुढे रॉक बँड, मागे चाळीस व्हायोलिनं. शेवटचं गाणं खिडकीतल्या पाठमोऱ्या बाईच्या चित्रावरचं. ते संगीतकाराच्या बायकोनं गायलं आणि महिन्याभरात घशाचं ऑपरेशन होऊन तिचा आवाज कायमचा गेला. उरला तो या एका टेपवर. परवा रात्री टेप नीट वाजली होती; काल दुपारी लावली, तर वाद्यं शाबूत आणि तिचे शब्द तेवढे पुसलेले.

"वाजवा," अक्का म्हणाल्या.

दर कडव्याआधी एक लांब श्वास, मग व्हायोलिनं, मग गाण्याच्या जागी काहीच नाही. जावयानं पिशवी खाली ठेवली.

"श्वास कसे राहिले?" अक्कांनी विचारलं.

रेकॉर्डिस्टनं टेपवर खुणा करायची पिवळी मेणाची पेन्सिल कानावरून काढली. "व्हायोलिनं त्या श्वासावरच उठतात, चालच तशी बांधलीय. श्वास काढला तर चाळीस वादक तोंडघशी पडलेले ऐकू येतील. आणि पुन्हा वाजवून घ्यायचं तर वादक पांगले."

टेपच्या पाठीवर पांढऱ्या मेणाच्या खुणा होत्या.

"या तुमच्या?"

"माझी पेन्सिल पिवळी. हे कुणीतरी खुणा करून, जागा मोजून पुसलंय. सरावलेला हात आहे."

शेजारच्या खोलीत संगीतकाराच्या बायकोची धाकटी बहीण आरशासमोर उभी होती. हातात गाण्याचा कागद, ओठ हलताहेत, आवाज शून्य.

"काय गं, गातेस की जांभया देतेस?"

"स्टेजची तयारी करतेय."

"काल सकाळी कुठे होतीस?"

"भाओजींबरोबर. कव्हरच्या फोटोला."

कव्हरचा नमुना भिंतीवरच होता. वर चित्रातली पाठमोरी बाई, खाली गायिका म्हणून धाकटीचं नाव.

बायको वरच्या मजल्यावर, घरात, खिडकीशी बसली होती. मांडीवर काळी प्लॅस्टिकची पाटी.

"संशय कुणावर, पोरी?"

तिनं पांढऱ्या पेन्सिलीनं, तुपकट अक्षरांत लिहिलं, "सगळ्यांवर." फडक्यानं पुसलं.

"लग्नाआधी काय करायचीस?"

"टेप कापून जोडायचे. यांचे पहिले तीन अल्बम मीच जोडले."

अक्कांनी सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"जावईबापू, कोण?"

"धाकटी! बहिणीला पुसून स्वतः गायचं होतं तिला."

"हुशार! अहो, आरशासमोर आवाज न काढता ओठ कोण हलवतं? जिला दुसऱ्याच्या गळ्यावर तोंड हलवायचंय ती. आवाज थोरलीचा, नाव नि तोंड धाकटीचं. हिला तो आवाज हवा होता, ही कशाला पुसेल? आणि ही युक्ती भाओजींची. मुकी बायको ओरडणार थोडीच!"

संगीतकार उसळला. "मग गळ्याला भोक पडलेली बाई उभी करू स्टेजवर? लोक पैसे परत मागतील!"

धाकटीनं मान खाली घातली. बायकोनं ऐकून घेतलं. कान शाबूत होते, हाच त्रास.

"आता रेकॉर्डिस्ट," अक्का म्हणाल्या. "त्यानं पुसलं असतं तर खुणा पिवळ्या असत्या. टेपवर हात बसलेलं या घरात आणखी कोण आहे? आणि पांढरी पेन्सिल कुणाकडे?"

सगळ्यांनी पाटीकडे पाहिलं. जावयानं सगळ्यात शेवटी.

"तू?" संगीतकार किंचाळला. "स्वतःचाच आवाज? अक्का, पोलिसांना बोलवा!"

"बोलवा की. आपलाच गळा आपण पुसला, त्याला कुठलं कलम लावतात तेही ऐकू."

"ठीक आहे. धाकटी खरंच गाईल. तुझ्यावाचून!"

बायको आवाज न करता हसली. पाटीवर लिहून ती तिनं बहिणीच्या हातात दिली.

"गा तू. दर कडव्याआधी श्वास मी घेईन."

संगीतकारानं हट्टानं धाकटीला खाली नेलं, कानांवर हेडफोन चढवले, टेप सुरू केली. पहिला श्वास आला. धाकटीनं दचकून मागे पाहिलं. तोंड उघडं, सूर नाही. तिनं हेडफोन काढून फेकले.

वर थोरली खिडकीकडे तोंड करून, पाठमोरी बसली होती.