सातवी टोळी

खिंडीखालच्या कपारीत लांडग्यांची सातवी टोळी आहे की नाही, एवढंच बघायला ती निघाली होती. सोमवारी समिती बसणार होती. डोंगरात सात टोळ्या सिद्ध झाल्या, की लांडग्याचं कडक संरक्षण उठणार आणि बंदुकीचे परवाने निघणार. आतापर्यंत नोंद सहांची होती. ती तिच्या वडिलांनी केलेली. एकोणीस वर्षं ही मोजणी तेच करत होते. मागच्या महिन्यात खिंडीखालच्या उतारावरून ते कोसळले ते गेलेच. जाकिटात वही सापडली. शेवटच्या पानावर एकच ओळ होती : ‘कपार. पिल्लं चार.’ टोळीचा क्रमांक लिहायची चौकट कोरीच.

“म्हाताऱ्यानं सातवी टोळी पोटात ठेवली,” कार्यालयात कुणीतरी तिच्यासमोरच म्हणालं. तिनं घरी येऊन बूट काढले आणि पाणी शिरू नये म्हणून त्यांना ग्रीस लावलं.

नियम दोन साक्षीदारांचा होता. दुसरा म्हणून मेंढपाळ आला. यंदा लांडग्यांनी त्याच्या अकरा मेंढ्या नेल्या होत्या. वडिलांना पाठीवर घेऊन खाली आणलं होतं तेही त्यानंच.

“काका, सात निघाल्या तर तुमचं भलंच होईल.”

“भलं व्हायची सवय नाही मला. तू पाय बघून टाक.”

सहाव्या टोळीचं बीळ वाटेतच होतं. तोंडावर कोळ्याचं जाळं ताणलेलं, आत सुकी हाडं. या टोळीपुढं वडिलांनी लिहून ठेवलं होतं : ‘मादी लंगडी, मागचा उजवा पाय.’

“मेली वाटतं,” ती म्हणाली. एक टोळी कमी झाल्याचं वाईट वाटायला हवं होतं. पण तिचं लक्ष वरच्या उताराकडं होतं.

उतारापाशी पोचले तेव्हा धुकं उतरलं. दगड सुटे आणि ओले, एकाचा दुसऱ्याला आधार नाही. मेंढपाळ थांबला.

“इथंच,” एवढंच म्हणाला.

तिनं खाली बघितलं नाही. दहा पावलं. वीस. पायाखालचा दगड निसटला! मागोमाग सगळा उतारच वाहू लागला. ती पोटावर आपटली. घसरत निघाली. एका हातात वडिलांची काठी होती, पंजे मोजायच्या खुणा कोरलेली.

“काठी सोड! दोन्ही हात दे!”

तिला सोडवेना. मग सोडली. मेंढपाळानं मनगटं धरून तिला वर ओढलं. काठी आपटत खाली गेली. तिचा आवाज बराच वेळ येत राहिला.

दम परतल्यावर तो म्हणाला, “तुझ्या बापाच्या हातात ती शेवटपर्यंत होती.”

कपारीसमोर दोघं तीन तास पालथे पडून होते. धुकं विरळ झालं तशी पिल्लं बाहेर आली. एक, दोन, तीन, चार. मग तोंडात ससा धरून मादी आली. मागचा उजवा पाय ओढत.

म्हणजे ही सहावीच! खालचं बिऱ्हाड तिनं वर हलवलं होतं. वडिलांना फक्त पिल्लं दिसली होती. आई कोण हे कळेपर्यंत त्यांनी चौकट भरली नव्हती. लपवलेलं काहीच नव्हतं. तिला हे आता कुणाला तरी सांगायचं होतं, आणि ज्यांना सांगावं ते नव्हते.

तिनं वही लगेच पुढं केली नाही. मादी नीट दिसली नाही, असं मेंढपाळ म्हणाला असता, तर सहावीची नोंद कायम राहून चार पिल्लांची ही टोळी सातवी धरली गेली असती. धुकं तर होतंच. कुणी त्याला खोटं पाडलं नसतं.

तो बराच वेळ कपारीकडं बघत राहिला.

“सहाच,” शेवटी म्हणाला. “लिही.”

सही करून त्यानं पेन परत दिलं. “पुढच्या वर्षी सात झाल्या, तर थेट समितीकडं जाईन. तुझ्या बापाची भीड धरणार नाही.”

“मला बोलवा,” ती म्हणाली. “दुसरी सही लागेल.”

परतताना त्यांनी लांबची वाट धरली. काठी त्या उताराखाली कुठंतरी पडली होती. शोधायला ती गेली नाही.