तांडेल शेवटी उतरतो

"पाय पसरायला जागा नाही मेली या घरात," म्वानाशे पुटपुटली.

मी तिच्या शेजारी चटई विणत बसले होते. मान वर करून पाहिलं. लांबुडक्या दोन खोल्या, सुंभाच्या चार खाटा, आणि माणसं दोन. ती आणि तिची सासू, बी तिमा.

"दोघीच तर आहात," मी म्हटलं. "त्यात तुझी सासू म्हणजे नुसती काडी."

एरवी खुदकन हसली असती. आज खाटेच्या अगदी कडेला सरकून बसली, कुणाला तरी जागा करून दिल्यासारखी.

तिचा नवरा फमाऊ गलबताचा तांडेल, सगळ्या खलाशांचा म्होरक्या. खारफुटीचे वासे भरून सहा जणांचं गलबत मोंबासाला निघालं, त्याला सात महिने झाले होते. मोंबासाला ते पोचलंच नाही. आमच्या शियू गावात सगळ्यांना कळत होतं, पण 'मेले' हा शब्द कुणी तोंडाबाहेर काढला नाही. म्हणून म्वानाशेने पांढरं नेसलं नाही, विधवेचे चार महिने दहा दिवस घरात बसली नाही. लामू बेटावरून तिचा भाऊ न्यायला आला, तर बी तिमा म्हणाली, "नवरा परतल्यावर काय सांगू?" तो तसाच परत गेला. पोर एकतीस वर्षांची. ना सवाष्ण, ना विधवा.

आमच्या खाडीत भरतीशिवाय होडकं शिरत नाही. भरती आली की फमाऊचं म्हातारं गाढव सवयीनं धक्क्यावर जायचं आणि रिकामं परत यायचं. चार दिवसांपूर्वी मात्र ते वाकून आलं. पाठीवर काही नव्हतं. मी गल्लीतल्या वाळूत बोट घालून पाहिलं; चटईवालीची बोटं मोजण्यात चुकत नाहीत. येतानाचे खूर चार बोटं रुतलेले. दारात ते थांबलं. ओट्यावरून बी तिमा म्हणाली, "या." दाराशी आलेल्याला "या" म्हटल्याशिवाय आमच्याकडे कुणी ठेवत नाही. गाढव फिरलं. जातानाचे खूर एकच बोट.

वाटलं, वाळू ओली असेल. दुसऱ्या दिवशी कोरडी होती, तरी येतानाचे खूर तेवढेच रुतलेले.

आज पाचवा दिवस, पाचवी खेप. बी तिमाने आल्याच्या कॉफीचे पाच पेले भरून खाटांपाशी ठेवले होते. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर पेले तसेच भरलेले, पण थंडगार. विहिरीच्या पाण्याहून थंड.

"उद्या ते येतील, ताई," म्वानाशे हळूच म्हणाली. "तांडेल शेवटी उतरतो ना."

"आणि मग?"

"मग मी 'या' म्हणेन."

"आणि पुढे गं? जन्मभर अशीच कडेला सरकून बसणार?"

ती आणखी थोडी कडेला सरकली. पुढचं बोलायला हवं होतं मीच. जीभ उचलली नाही. मीही याच गावची.

सहाव्या दिवशी भरती उन्हं कलताना आली. मी समोरच माझ्या ओट्यावर होते. गल्लीत माणूस नव्हतं. त्या आठवड्यात सगळ्यांनाच दुसऱ्या वाटेने कामं निघत होती.

गाढव आलं. खूर घोट्यापर्यंत रुतत होते. दारात त्याचे पुढचे गुडघे थरथरले.

बी तिमाचा चेहरा उजळला. तिने तोंड उघडलं.

म्वानाशेने तिच्या दंडावर हात ठेवला. "थांबा, आई."

ती खाली उतरली. गाढवाच्या मानेवरचा घाम पदराने पुसला. मग त्या रिकाम्या पाठीकडे पाहिलं, जरा वर, माणसाचं तोंड असतं तिथे.

"तुम्ही याच्यावर कधी बसला नाहीत," ती म्हणाली. "म्हातारं झालंय म्हणायचात. शेजारून चालत यायचात."

गल्लीत खाडीचा वास दाटला.

"तुम्ही मेलायत हो," ती म्हणाली. "सगळेच मेलायत."

गाढवाची पाठ हळूहळू वर आली.

आणि आत, रिकाम्या घरात, चारही खाटांचे सुंभ एकदम करकरले. बसलेली माणसं उठतात तसे.